अश्वगंधा: ताणावर पुरावा किती, थकव्यावर किती

अश्वगंधेच्या डबीवर ‘ताण आणि थकवा’ हे दोन शब्द बहुतेक वेळा जोडीनेच छापलेले असतात. चाचण्यांमध्ये मात्र ही जोडी फुटते. ताण कमी झाल्याचे निकाल बऱ्यापैकी आहेत, थकवा उतरल्याचे मोजकेच. एका नीटस चाचणीत तर थकवा कमी झाला, पण ताणात फरकच पडला नाही. त्यामुळे ‘अश्वगंधा लागू पडते का’ या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणाऱ्यावर फारसा विश्वास ठेवू नये. कशासाठी, कोणत्या रूपात, किती आणि किती दिवस, ही चौकशी आधी करावी.

सुरुवात परंपरेपासून. चरकसंहितेत अश्वगंधा बल्य आणि बृंहणीय अशा दोन्ही गणांत येते. बल्य म्हणजे बळ देणारी, बृंहणीय म्हणजे अंग भरवणारी. हे झिजलेल्या, वाळलेल्या, आजारातून उठलेल्या माणसाचं औषध आहे. आज ती विकत घेणारा बहुधा वेगळा असतो: खाणंपिणं व्यवस्थित, वजन गरजेपेक्षा चार किलो जास्तच, आणि डोकं रात्री साडेअकरालाही कामातच. परंपरेचा दाखला देताना हा फरक हमखास गाळला जातो.

परंपरा हा पुरावाच नाही असं मात्र नाही. शेकडो वर्षं हजारो लोकांनी एखादं मूळ खाल्लं, तर ते बहुतेकांना लगेच बाधत नाही एवढं त्यावरून कळतं. हजारात एखाद्याला आठ आठवड्यांनी कावीळ झाली, तर तिचा संबंध त्या मुळाशी जोडणं परंपरेच्या आवाक्याबाहेरचं आहे, त्याला नोंदी लागतात. युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात हे मोकळेपणाने मान्य केलेलं आहे. तीस वर्षांचा वापर, त्यातली पंधरा वर्षं संघातल्या देशांतली, एवढं दाखवलं की ‘पारंपरिक वनौषधी’ म्हणून नोंदणी मिळू शकते. ताणामुळे येणाऱ्या थकव्यासाठी तिकडे ऱ्होडिओला या मुळाला याच वाटेने मान्यता आहे. ती मान्यता वापर जुना असल्याची आहे, गुण सिद्ध झाल्याची नाही. अशी लेबलं वाचताना हे ध्यानात ठेवलं की पुष्कळ गोंधळ टळतो.

चाचण्या काय सांगतात

सगळ्यात जास्त उद्धृत होणारी चाचणी २०१२ सालची, भारतातली. ताणाखाली असलेले ६४ जण, अर्ध्यांना मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, अर्ध्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल, म्हणजे प्लासिबो. मुदत ६० दिवस. ताण मोजला तो पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल या प्रश्नावलीने. अर्क घेणाऱ्यांचे गुण ४४ टक्क्यांनी उतरले, प्लासिबोवाल्यांचे ५.५ टक्क्यांनी. रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं संप्रेरक, अर्काच्या गटात २७.९ टक्के कमी झालं, दुसऱ्यात ७.९ टक्के. डब्यांवरचे बहुतेक दावे इथून उचललेले असतात.

आकडे देखणे आहेत. पण सरावलेली नजर आधी दुसऱ्या गटाकडे वळते. ताणाच्या चाचण्यांत प्लासिबो गट सहसा चांगलाच सुधारतो, कारण माणूस चाचणीत येतो तोच मुळी वाईट काळात. दोन महिन्यांत काळ थोडा सरतो, कोणीतरी आपली विचारपूस करतंय याचाही दिलासा असतो. तिथे जेमतेम साडेपाच टक्के सुधारणा म्हणजे नेहमीपेक्षा फारच कमी. यात लबाडी आहे असं अजिबात नाही. पण अशा एका निकालावर सगळी इमारत उभी करू नये.

पुढच्या चाचण्यांत परिणाम टिकला, पण आवाज खाली आला. २०१९ मध्ये ६० जणांवर २५० आणि ६०० मिलिग्रॅम अशा दोन रोजच्या मात्रा आठ आठवडे तपासल्या गेल्या. ताण दोन्हींत कमी झाला, मोठ्या मात्रेत जास्त. त्याच वर्षी आणखी एक ६० जणांची, ६० दिवसांची चाचणी आली, वेगळ्या आणि तीव्र अर्काची, रोज २४० मिलिग्रॅमची. त्यात डॉक्टरांनी विचारून भरलेल्या चिंतेच्या मोजपट्टीवर फरक दिसला, पण लोकांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीत तो संख्याशास्त्राच्या उंबरठ्याच्या अलीकडेच थांबला.

२०२२ च्या एका एकत्रित विश्लेषणात १२ चाचण्या आणि १००२ लोक होते. चिंता आणि ताण दोन्हींवर परिणाम मोठा निघाला, आणि त्याच लेखकांनी पुराव्याची खात्री ‘कमी’ या श्रेणीत टाकली. जाहिरातीत पहिलं अर्धं येतं, दुसरं अर्धं येत नाही. खात्री कमी असण्याची कारणं साधी आहेत. चाचण्या लहान, मुदत दोन-तीन महिने, प्रत्येकात अर्क वेगळा, आणि बहुतेक ठिकाणी पैसा किंवा कॅप्सूल अर्क बनवणाऱ्या कंपनीकडून. झोपेचा पुरावा त्यातल्या त्यात सुसंगत आहे. २०२१ च्या विश्लेषणात पाच चाचण्यांतल्या ४०० जणांमध्ये झोप थोडी पण खरी सुधारलेली दिसली, विशेषतः ज्यांना निद्रानाश होता, ज्यांनी रोज ६०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतलं आणि किमान आठ आठवडे घेतलं, त्यांच्यात.

आता थकवा. २०१९ मध्येच थोडा थकवा जाणवणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ४० ते ७० वयाच्या पुरुषांवर एक चाचणी झाली. टेस्टोस्टेरॉन प्लासिबोच्या मानाने सुमारे १५ टक्के वाढलं, आणि त्या आकड्याची जाहिरात अजून चालू आहे. त्याच चाचणीत थकवा आणि उत्साह यांत मात्र दोन गटांमध्ये ठोस फरक नव्हता. रक्तातला आकडा हलला, माणसाला जाणवलं नाही.

२०२३ ची चाचणी जास्त बोलकी आहे. ताण आणि थकवा दोन्ही असल्याचं स्वतः सांगणारे १२० स्त्री-पुरुष, वय ४० ते ७५, अर्क २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ आठवडे. ताणाचे गुण दोन्ही गटांत उतरले आणि जवळजवळ सारखेच उतरले, म्हणजे ताणाच्या बाबतीत अश्वगंधा प्लासिबोच्या पुढे गेलीच नाही. थकव्याच्या मोजपट्टीवर मात्र ती पुढे होती, आणि हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतारही सुधारला. २०१२ च्या चाचणीसमोर ही ठेवून पाहावी: इथे प्लासिबो गटाने ताणाच्या बाबतीत जे व्हायला हवं ते केलं, आणि ताणावरचा गुण दिसेनासा झाला.

याचा हिशेब आम्ही असा मांडतो. झोप लागत नाही, मनात सारखी घालमेल आहे, अशा ताणासाठी आठ आठवडे करून पाहण्याइतका पुरावा आहे. नुसत्या थकव्यासाठी तो पातळ आहे. आणि कॉर्टिसॉल कमी झालं म्हणजे थकवा गेला, हे समीकरण तर सोडूनच द्यावं. कॉर्टिसॉल सकाळी चढलेलं असतं, रात्री उतरतं. नमुना तास-दोन तास इकडेतिकडे घेतला तरी आकडा बदलतो.

डबीत नेमकं काय आहे

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. वरच्या बहुतेक चाचण्या अर्कावर झाल्या आहेत, चूर्णावर नाहीत. आणि अर्कही एकसारखा नसतो. मुळातले विथॅनोलाइड्स, म्हणजे गुणकारी समजले जाणारे घटक, हे त्याचं मोजमाप धरलं जातं. बाजारातल्या नावाजलेल्या अर्कांपैकी केएसएम-६६ हा नुसत्या मुळाचा, त्यात ते ५ टक्क्यांच्या आसपास. सेन्सोरिल मूळ आणि पानं मिळून केलेला, साधारण १० टक्के. शोडेन ३५ टक्के. म्हणजे शोडेनच्या २४० मिलिग्रॅममध्ये ८४ मिलिग्रॅम विथॅनोलाइड्स, तर केएसएमच्या ६०० मध्ये ३०. नुसतं ‘५०० मिलिग्रॅम अश्वगंधा’ एवढंच लिहिलेल्या डबीवरून काहीच कळत नाही.

चूर्णाचा हिशेब वेगळा. आयुर्वेदिक फार्माकोपियात मुळाच्या चूर्णाची मात्रा रोज ३ ते ६ ग्रॅम दिली आहे. मुळात विथॅनोलाइड्स ०.३ टक्के धरले तर ३ ग्रॅममध्ये ९ मिलिग्रॅम, ६ ग्रॅममध्ये १८. अर्ध्या चमच्याची चिमूट दुधात टाकून ‘संशोधनाने सिद्ध’ म्हणण्यात अर्थ नाही. अर्थात मुळात इतरही घटक असतात, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. पण पाचपट-दहापट तफावत पकडायला तो पुरतो.

लेबल वाचताना चार गोष्टी बघाव्यात. मूळ वापरलंय की पानंही. विथॅनोलाइड्स किती टक्के. ते मोजले कसे: एचपीएलसीने, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने, की ग्रॅव्हिमेट्रिक, म्हणजे वजनाच्या पद्धतीने. ग्रॅव्हिमेट्रिकमध्ये द्रावणात सोबत आलेलं बरंच काही वजनात धरलं जातं, म्हणून तोच अर्क कागदावर जास्त दमदार दिसतो. चौथी गोष्ट, शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम यांचा त्या बॅचचा तपासणी अहवाल मागितल्यावर मिळतो का. ‘१२:१’ सारखं गुणोत्तर बघून हुरळून जाऊ नये. बारा किलो मुळातून एक किलो अर्क निघाला एवढंच ते सांगतं, मूळ कसं होतं ते नाही.

पानांचा मुद्दा किरकोळ नाही. पानांत विथाफेरिन-ए हे पेशींना मारक ठरू शकणारं द्रव्य मुळापेक्षा बरंच जास्त असतं, आणि पानं स्वस्त पडत असल्याने अर्काचा टक्का फुगवायला सोयीची. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औषध उत्पादकांना पानं वापरू नका, मूळच वापरा, असं कळवलं होतं.

अख्खं मूळ मिळालं तर पारख सोपी जाते. चांगलं मूळ सरळ, फाटे न फुटलेलं, बाहेरून फिकट मातकट आणि आतून दुधी पांढरं असतं. वाकवलं तर कट्कन तुटतं, तुटलेल्या जागी पिठूळ दिसतं. चव कडू आणि जराशी झोंबणारी. तंतू ओढले जात असतील तर मूळ जून, लाकडी झालेलं आहे. चूर्ण हिरवट दिसत असेल तर त्यात पानंकाड्या गेल्या आहेत. गोडसर, निव्वळ पिठासारखं लागलं तर स्टार्चची भेसळ असू शकते. मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर भागातून येणारा माल मुळाच्या जाडीप्रमाणे प्रतवारी करून विकला जातो. बारीक तुकडे आणि मुळांचा चुरा अर्थातच चूर्णात जातो, म्हणून जमलं तर मूळ आणून दळावं.

चूर्ण घ्यायचंच असेल तर

क्षीरपाक म्हणजे दूध-पाण्यात शिजवलेलं औषध. त्याचं शास्त्रोक्त प्रमाण एक भाग औषध, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी. म्हणजे ५ ग्रॅम भरड, ४० मिलिलिटर दूध, १६० मिलिलिटर पाणी. पाणी आटून दूध उरेपर्यंत उकळायचं. दूध उरलं हे कळायला सोपी युक्ती आहे. आधी त्याच भांड्यात ४० मिलिलिटर पाणी घालून लाकडी काडी उभी बुडवायची आणि ओल्या रेषेवर खूण करायची. पाणी ओतून टाकून मग सगळं घालायचं, आणि उकळताना मधूनमधून काडी बुडवून बघायचं.

बिघडतं ते ठरलेल्या जागी. चूर्ण वस्त्रगाळ असेल तर गाळणीतून गाळ उतरतो आणि पेय लापशीसारखं होतं, म्हणून भरड हवी. आच मोठी ठेवली की दूध तळाला धरतं आणि करपट वास शेवटपर्यंत जात नाही. पसरट भांड्यात पाणी भराभरा आटतं आणि मुळाला शिजायला वेळच मिळत नाही, म्हणून भांडं उभट आणि आच मंद. नुसत्या दुधात चूर्ण उकळणं हा क्षीरपाक नव्हे. आणि चमच्याने मापू नये. सपाट चहाचा चमचा अडीच-तीन ग्रॅमच्या आसपास भरतो, शिगोशीग भरला तर पाचाच्या घरात जातो. छोटा वजनकाटा वापरावा.

अश्वगंधारिष्ट ही निराळी चीज आहे. त्यात आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, इतर वनस्पतीही असतात, त्यामुळे अर्काच्या चाचण्यांचे आकडे त्याला लावता येत नाहीत.

कुणी घेऊ नये, आणि केव्हा थांबावं

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. थायरॉइडचा आजार असलेल्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. अश्वगंधा टी-३ आणि टी-४ ही थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते. थायरॉइड मंद असलेल्या ५० जणांच्या एका चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅमने आठ आठवड्यांत तसं झालं, आणि थायरॉइड अति चालू झाल्याचे रुग्णही नोंदले गेले आहेत. धडधड, हात कापणं, घाम आणि उतरणारं वजन हा ‘औषध लागू पडल्याचा’ जोम समजला जातो, तो तसा नसतो. आमवातासारखे (रुमेटॉइड) ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे आजार, प्रोस्टेटचा हार्मोनवर वाढणारा कॅन्सर, जवळ आलेली शस्त्रक्रिया, झोपेच्या, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असणं, या सगळ्यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

यकृताचा धोका विरळ, पण खरा आहे. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतले मिळून पाच रुग्ण प्रसिद्ध झाले. सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत कावीळ आणि खाज, आणि बंद केल्यावर सगळे बरे झाले. २०२३ च्या भारतातल्या मालिकेत २३ रुग्ण होते, त्यातल्या आठ जणांनी निव्वळ अश्वगंधा घेतली होती. ज्यांचं यकृत आधीच खराब होतं त्यांच्यातले तिघे दगावले. त्यामुळे फॅटी लिव्हर पुढच्या टप्प्यात गेलेल्यांनी, सिरोसिस किंवा हेपटायटिस असलेल्यांनी आणि रोज दारू घेणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. पुरळ न येता अंगभर खाज सुटली, लघवी चहासारखी गडद झाली किंवा अन्नावरची वासना उडाली तर त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करावी. कंपनी बदलून बघू नये. बाकी पोट बिघडणं, पातळ शौच, मळमळ, पेंग हे त्रास जास्त दिसतात. ते बहुधा जेवणानंतर घेतल्याने किंवा मात्रा निम्मी केल्याने आटोक्यात येतात.

स्वतःवर नीट करून बघायचं तर

आधी रक्त तपासावं: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, एचबीए१सी (साखरेची सरासरी) आणि यकृताच्या चाचण्या. थकव्यामागे यातलं काही सापडलं तर अश्वगंधेचा प्रश्नच मिटतो, लोहाची कमतरता मुळाने भरून निघत नाही. जोराने घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर झोपेतला श्वास तपासावा. टीएसएच आधीच का? नंतर केलेल्या चाचणीत अश्वगंधेचा परिणाम मिसळलेला असतो आणि मूळ आकडा कधीच कळत नाही.

मग पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केलची दहा प्रश्नांची आवृत्ती घ्यावी, गुण ० ते ४०. सुरू करण्याआधी दोन आठवड्यांच्या अंतराने ती दोनदा भरावी. औषधाविना या दोन आकड्यांत जो फरक पडतो तेवढी आपली नेहमीची हेलकावणी. नंतरचा फरक त्याहून ठळक नसेल तर तो मोजू नये. थकव्यासाठी वेगळी नोंद: रोज ठरल्या वेळी, दुपारी चार वाजता समजा, ० ते १० मध्ये एक आकडा. ताण आणि थकवा एकाच रकान्यात लिहिले तर कशाला काय झालं ते कळणार नाही.

मात्रा: ५ टक्क्यांचा, नुसत्या मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम, पहिला आठवडा रात्री जेवणानंतर एकदाच, सोसला तर दोनदा. दिवसा पेंग आली तर सगळी मात्रा रात्री. एकच वनस्पती असलेली कॅप्सूल घ्यावी, सोबत ब्राह्मी, शतावरी, जिनसेंग असलेलं मिश्रण नको, कारण त्रास झाला तर कुणामुळे झाला हे सापडत नाही. त्याच आठवड्यात चहा-कॉफी सोडणं, व्यायाम सुरू करणं, रजेवर जाणं टाळावं. या तिन्हींचा ताणावरचा परिणाम अश्वगंधेपेक्षा सहज मोठा असू शकतो, आणि श्रेय मात्र कॅप्सूल घेऊन जाते.

चार दिवसांत फरक पडला असं वाटलं तर ते मनावर घेऊ नये, चाचण्यांतले निकाल आठ आठवड्यांचे आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झोप लागली तरी तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. आठ आठवडे झाल्यावर प्रश्नावली पुन्हा भरावी आणि निकाल काहीही असो, चार आठवडे बंद ठेवून परत भरावी. बंद केल्यावरही गुण तिथेच राहिले तर काळ बदलला होता, ते परत चढले तर औषधाला काही श्रेय देता येईल. दुसरी फेरी करायची तर सुरू करण्याआधी यकृताच्या चाचण्या आणि टीएसएच पुन्हा. सलग तीन महिन्यांपलीकडे जाऊ नये, कारण चाचण्यांमधला सुरक्षिततेचा अनुभव साधारण तिथेच संपतो.